सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या मजकुरावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकिपीडिया, विकिस्रोत (जुन्या पुस्तकांचा संग्रह), ओपनस्ट्रीटमॅप (सगळ्यांनी मिळून काढलेला नकाशा) यांसारख्या संकेतस्थळांवर कोणीही येऊन मजकूर बदलू शकतो. पुण्यातल्या महाविद्यालयांत, वाचनालयांत संपादन कार्यशाळा होतात, तेव्हा पहिल्या तासाभरात बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे शक्यतो पुण्यातली आणि मराठी वाचकाच्या ओळखीची घेतली आहेत.

कोणीही काहीही लिहू शकतो, तर मग त्यावर विश्वास का ठेवायचा?

डोळे झाकून ठेवायचाच नाही. या संकेतस्थळांची रचनाच अशी आहे की वाचकाने विश्वास ठेवण्याआधी तपासावे आणि तपासण्यासाठी लागणारे सगळे त्याच्या हाताशी असावे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. प्रत्येक बदलाची कायमची नोंद, कोणताही बदल मागे घेण्याची सोय, आणि प्रत्येक विधानामागे दुसऱ्याला पडताळता येईल असा पुरावा. तिन्हींपैकी एक जरी निखळली तरी इमारत ढासळते.

ही कल्पना पुण्याला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. संपादकांनी जो पाठ स्वीकारला तो वर छापला आणि नाकारलेले पाठभेद फेकून न देता त्याच पानाच्या तळाशी दिले. संपादकांचा निर्णय एखाद्या अभ्यासकाला पटला नाही, तर तो तळटीपा बघून स्वतःचे मत बनवू शकतो. विकीवरच्या, म्हणजे अशा खुल्या संकेतस्थळावरच्या, ‘इतिहास’ या दुव्यामागे हेच तत्त्व आहे: नाकारलेला मजकूरही उघडून बघता येतो. फरक इतकाच की इथे निवड करणारे पंडित नाहीत, कोणीही आहे. म्हणून तपासणारेही पुष्कळ लागतात.

अशा ज्ञानकोशाची अचूकता कोणी मोजली आहे का?

‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये ४२ विज्ञानविषयांवरचे लेख इंग्रजी विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन्हींतून घेऊन तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, आणि नेचरने तो मान्य केला नाही. मात्र हा आकडा फार सांभाळून वापरावा. तो इंग्रजीचा आहे, विज्ञानाचा आहे आणि त्या वर्षाचा आहे. त्यावरून मराठीतल्या एखाद्या गावाच्या किंवा सरदार घराण्याच्या लेखाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. लेख एकेक करूनच तपासावा लागतो.

‘इतिहास’ नेमका वाचायचा कसा?

शनिवारवाड्याचा लेख उघडला आहे असे धरू. वर ‘इतिहास’ वर टिचकी मारली की बदलांची यादी येते, सर्वांत नवा बदल सगळ्यात वर. प्रत्येक ओळीत वेळ, सदस्याचे नाव, लेखाचा आकार, आकारात पडलेला फरक आणि संपादकाने लिहिलेला सारांश असतो. दोन आवृत्त्यांसमोरचे गोल निवडून त्यांची तुलना केली की काय काढले आणि काय घातले ते शेजारी शेजारी दिसते.

आकाराचा आकडा बाइटमध्ये असतो आणि इथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘पुणे’ हा दोन अक्षरांचा शब्द १२ बाइटचा होतो. म्हणून +३०० पाहून मोठा परिच्छेद आला असे समजू नये. ते साधारण पंधरा शब्द असतात.

लक्ष ठेवण्याजोगा आकडा खरे तर शून्य. शनिवारवाड्याची आग १८२८ सालची. कोणी ‘१८२८’ चे ‘१८३८’ केले तर आकारात काहीच फरक पडत नाही. शिव्या घातलेल्या, पान पुसून टाकलेले अशा गोष्टी लगेच दिसतात आणि लगेच काढल्याही जातात. वर्षातला एक अंक बदललेला मात्र वर्षानुवर्षे राहू शकतो. सारांश नाही, आकार शून्य, सदस्य नवा आणि बदल आकड्यात, असे चारही एकत्र दिसले तर तो फरक उघडून बघाच. उलट इंग्रजी अंकांतले (1828 असे) वर्ष देवनागरीत केले तर दर अंकामागे दोन, म्हणजे चार अंकांना +८ दिसते. तो निरुपद्रवी बदल असतो, पण अंकांचे रूप बदलताना अंकच तर बदलला नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

चुकीचा बदल सापडला, तर मागे कसा घ्यायचा?

फरकाच्या पानावर ‘उलटवा’ हा दुवा असतो. त्यावर टिचकी मारा, सारांशात कारण लिहा, जतन करा. कारण न लिहिता उलटवलेला बदल समोरच्याला अरेरावी वाटतो आणि तिथूनच भांडण सुरू होते. ‘१८३८ ला संदर्भ नाही, आधीच्या आवृत्तीत १८२८ संदर्भासह होते’ एवढे एक वाक्य पुरते.

नवे लोक एकच चूक वारंवार करतात. उत्पात करणाऱ्याने ओळीने तीन बदल केलेले असतात आणि ते फक्त शेवटचा उलटवतात. बाकी दोन तसेच राहतात, आणि वर एका जबाबदार संपादकाचे नाव दिसते म्हणून पुढचा माणूस खाली पाहतच नाही. त्यामुळे आधी इतिहासात खाली जाऊन शेवटची निर्दोष आवृत्ती शोधा, तिची आणि आजच्या आवृत्तीची तुलना करा. मधले सगळेच बदल वाईट असतील तर ती जुनी आवृत्ती उघडून संपादन करा आणि काहीही न बदलता जतन करा. मधे कोणी चांगली भर घातली असेल, तर ती हाताने पुन्हा लावावी लागते. त्याच ओळींवर नंतर आणखी बदल झालेले असले की ‘उलटवा’ चालत नाही. तेव्हाही हाच उपाय.

‘द्रुतमाघार’ नावाची आणखी एक कळ काही अनुभवी सदस्यांना दिलेली असते. ती एका सदस्याचे लागोपाठचे सगळे बदल एका झटक्यात मागे घेते. ती उघड उत्पातासाठीच वापरावी, मतभेदासाठी नव्हे, कारण तिच्यात कारण लिहायला जागाच नसते.

हे सगळे यंत्राने पकडता येत नाही का?

थोडे पकडता येते. दोन थर असतात. पहिला थर म्हणजे संपादन गाळणी: बदल जतन होण्याआधीच ठरावीक नियम लावून तो अडवायचा, इशारा द्यायचा किंवा नुसती खूण करून ठेवायची. नव्या खात्याने पान रिकामे केले, एकच अक्षर पन्नास वेळा लिहिले, बाहेरचे दहा दुवे घातले, असल्या गोष्टी गाळणीत अडकतात. दुसरा थर सांगकाम्यांचा, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या संगणक-आज्ञावलींचा. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या आहे. माणसांनी चांगले-वाईट म्हणून आधी छाटून दिलेल्या बदलांवरून तो शिकतो आणि उत्पात दिसला की काही सेकंदांत परतवतो.

मराठीत अडचण भाषेच्या घडणीतली आहे. आपल्याकडे शब्दाला विभक्ती लागते, सामान्यरूप होते, शब्दयोगी अव्यय चिकटते. शिव्यांची यादी करून गाळणीत घातली की तिची निम्मी रूपे सुटतात. सुटू नयेत म्हणून शब्दाचा नुसता तुकडा शोधायला लावला, तर निरपराध आडनावे आणि गावांची नावे अडकतात. म्हणून मराठीतली गाळणी आधी काही दिवस ‘फक्त नोंद’ या अवस्थेत चालवावी, तिने काय काय पकडले ते माणसाने वाचावे, आणि मगच ती अडवण्याच्या कामी लावावी. ही पायरी गाळली की नव्या, प्रामाणिक माणसाचा पहिलाच बदल अडतो. असा माणूस सहसा परत येत नाही, आणि मराठीला ते परवडत नाही.

संदर्भ म्हणून काय चालते?

लेखात जे विधान आहे ते प्रसिद्ध झालेल्या, नाव असलेल्या आणि कोणीतरी तपासून छापलेल्या साधनात असले पाहिजे. संशोधनग्रंथ, विद्यापीठीय प्रकाशन, मराठी विश्वकोश, केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड, अस्सल कागदपत्रांची संपादित प्रकाशने, प्रस्थापित वृत्तपत्रातली बातमी. ही सगळी एका तोलाची नाहीत. इतिहासाच्या लेखात बखरीपेक्षा समकालीन पत्राला जास्त वजन असते. अस्सल कागदांचा हा आग्रह वि. का. राजवाडे यांनी धरला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पण त्यातही एक पथ्य आहे. विकीवर आपण स्वतः मोडी कागद वाचून निष्कर्ष काढायचा नाही. कोणा अभ्यासकाने काढून प्रसिद्ध केलेला निष्कर्ष नोंदवायचा. स्वतःचे संशोधन आधी योग्य ठिकाणी प्रसिद्ध करावे.

हा नियम सर्वांत जास्त बोचतो तो घरातल्या आठवणींच्या बाबतीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा आपल्या वाड्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत आले हे सांगणारे लोक अजून आहेत. ती आठवण मोलाची आहे, पण ‘आजोबांनी सांगितले’ हा संदर्भ होत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही. आजोबांची मुलाखत एखाद्या नियतकालिकात किंवा स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात छापून आली, की ती ‘अमुक यांच्या आठवणीनुसार’ अशी घेता येते. खरे तर अशा मुलाखती छापून घेण्याचे काम कोणीतरी तातडीने करायला हवे.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर, जाहिरात, कोणी चालवते ते न सांगणारे संकेतस्थळ आणि दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया ही चार साधने चालत नाहीत. शेवटचे अनेकांना खटकते. इंग्रजी लेखातला मजकूर मराठीत आणता येतो, पण संदर्भ द्यायचा तो त्या लेखाच्या तळाशी असलेल्या मूळ साधनाचा, आणि तोही उघडून वाचल्यावरच.

पुस्तक इंटरनेटवर नाही. तरी त्याचा संदर्भ चालतो का?

चालतो, आणि मराठीत तो द्यावाच लागतो, कारण आपले बरेचसे चांगले लेखन अजून कागदावरच आहे. लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, ठिकाण, वर्ष, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक एवढे लिहा. पृष्ठक्रमांक नसला तर बाकी सगळे असूनही संदर्भ जवळजवळ निरुपयोगी ठरतो: चारशे पानांत कुठे शोधायचे? आवृत्ती नसली तर पाने जुळत नाहीत. शंका घेण्याजोगे विधान असेल तर पुस्तकातले मूळ वाक्यही छोट्या अवतरणात द्या, म्हणजे पुणे नगर वाचन मंदिरात किंवा पुणे मराठी ग्रंथालयात जाणारा दुसरा सदस्य पाच मिनिटांत पडताळू शकेल.

संदर्भ ज्या वाक्याचा त्या वाक्यालाच लावा. परिच्छेदाच्या शेवटी एकच आकडा टाकला आणि नंतर कोणी मधे दोन नवी वाक्ये घुसडली, तर तीही त्याच संदर्भाच्या आडोशाला उभी राहतात. वृत्तपत्रांचे दुवे तर फार लवकर मरतात. दुवा देतानाच वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जपणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत साठवा आणि तिचा पत्ताही सोबत लिहा.

वर्तमानपत्राचा संदर्भ आहे, म्हणजे बरोबरच ना?

एक सापळा आहे. कोणीतरी विकीवर विनासंदर्भ काहीतरी लिहितो, घाईतला बातमीदार ते उचलतो, आणि नंतर तीच बातमी विकीवर संदर्भ म्हणून लागते. वर्तुळ पूर्ण, आणि पुरावा कुठेच नाही. ओळखायची रीत सोपी आहे. बातमीची तारीख बघा आणि ते विधान लेखात पहिल्यांदा कधी आले ते इतिहासात शोधा. विधान बातमीच्या आधीचे असेल आणि शब्दरचनाही तीच असेल, तर संदर्भ काढा, ‘संदर्भ हवा’ ही खूण लावा आणि चर्चापानावर (प्रत्येक लेखासोबतच्या चर्चेच्या पानावर) दोन्ही तारखा नोंदवा. नोंदवल्या नाहीत तर सहा महिन्यांनी कोणीतरी तीच बातमी पुन्हा लावतो.

लेखात तळटीपांची रांग आहे. तरीही तो खोटा असू शकतो?

हो, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठ्यांच्याच इतिहासातले आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये डिचोलीच्या एका युद्धाचा लेख आला. १६४०-४१ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले, असे त्यात सविस्तर लिहिले होते. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. सगळे कपोलकल्पित होते. डिसेंबर २०१२ मध्ये एका सदस्याने संदर्भातली पुस्तके शोधायला घेतली, ती अस्तित्वातच नव्हती, आणि लेख काढला गेला. पाच वर्षे तो दर्जासकट उभा होता.

पुण्यातल्या शाळकरी मुलालाही १६४० हे साल खटकले असते. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. दहा वर्षांच्या मुलाच्या काळात कुठले मराठा साम्राज्य? पण दर्जा देणाऱ्यांनी मांडणी, भाषा, तळटीपांची संख्या पाहिली. विषय जाणणारे कोणी तिथे नव्हते. म्हणून मराठी माणसाने मराठी विकीपुरते थांबू नये. आपल्या प्रदेशाबद्दल इतर भाषांत काय लिहिले जाते, तेही अधूनमधून वाचावे.

पुस्तक खरे आहे का, हे बघण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्र सूचीत किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सूचीत नाव शोधा. दुसरी, तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर बेरीज करून पाहा: आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, सगळे मिळवा, उत्तराला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. भारतात छापलेल्या पुस्तकांचा क्रमांक सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. तिसरी पायरी, पुस्तक सापडले तर ते पान उघडून वाचा. खऱ्या पुस्तकाच्या नावावर खोटे विधान खपवणे हा प्रकार बनावट पुस्तकापेक्षा जास्त आढळतो.

एआयने लिहिलेला मजकूर कसा ओळखायचा?

भाषेवरून खात्री देता येत नाही, संदर्भांवरून बरीच देता येते. वर सांगितलेल्या तीन पायऱ्या लावल्या की न छापलेली पुस्तके, बेरीज न जुळणारे क्रमांक आणि कुठेच न उघडणारे दुवे गळाला लागतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीच्या उत्तरांवर बंदी घातली. कारण साधे होते: उत्तर तयार व्हायला दहा सेकंद लागतात आणि तपासायला अर्धा तास. इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये, माणसाने न तपासता टाकलेले असे लेख चर्चेविना लगेच काढता येतील असा नियम केला. मराठीत असा लेख दिसला तर लिहिणाऱ्यावर आरोप करण्यापेक्षा ‘या पुस्तकाच्या कितव्या पानावर हे आहे?’ असा साधा प्रश्न चर्चापानावर विचारावा. उत्तर आले नाही तर मजकूर काढायला तेवढे कारण पुरे.

दोन बाजू ठामपणे वेगळे सांगत असतील तर?

शिवजयंतीचेच घ्या. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही जेधे शकावलीतली तिथी. महाराष्ट्र शासन हीच तारीख मानते. दुसरा पक्ष वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७, हे वर्ष धरतो. लेखाचे काम निकाल देण्याचे नाही. कोणती तिथी कोणत्या साधनात आहे, अभ्यासकांत ती कितपत मान्य आहे आणि शासनाची तारीख कोणती, हे लिहावे. दोन्हींना समान जागा द्यायचीच असेही नाही. ज्या बाजूला साधने भक्कम, तिला जागा जास्त.

वाद पेटला तर तो लेखात लढू नये, ‘चर्चा’ पानावर न्यावा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल परतवले तर खाते अडवले जाऊ शकते. तरी न थांबल्यास प्रचालक (पाने सुरक्षित करण्याचे, खाती अडवण्याचे अधिकार असलेले सदस्य) पान काही काळ सुरक्षित करतात: अर्धसुरक्षित पानावर नवी खाती लिहू शकत नाहीत (इंग्रजीत चार दिवस आणि दहा संपादने झाल्यावर दार उघडते), फार वादग्रस्त विषयांत ३० दिवस आणि ५०० संपादने लागतात. पान सुरक्षित झाले म्हणजे त्यातली आवृत्ती बरोबर ठरली, असा अर्थ कोणी घेऊ नये. आणि चावडीवर (सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) कौल घेतला तरी तिथे नुसती डोकी मोजत नाहीत. एका बाजूला वीस ‘पाठिंबा’ आणि दुसऱ्या बाजूला एक पक्का संदर्भ असेल, तर वजन संदर्भाचे.

हयात व्यक्तींबद्दल नियम कडक का आहेत?

२००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात त्यांचा केनेडी बंधूंच्या हत्येशी संबंध असल्याचा खोटा मजकूर घातला गेला आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. तेव्हापासून खाते नसलेल्यांना तिथे नवे पान तयार करता येत नाही, आणि हयात व्यक्तींसाठी वेगळे धोरण आले. एरवी विनासंदर्भ वाक्याला ‘संदर्भ हवा’ लावून वाट पाहता येते. हयात माणसाबद्दलचे विनासंदर्भ बदनामीकारक वाक्य मात्र थांबून न राहता लगेच काढायचे. फोन नंबर, घरचा पत्ता असे काही असेल तर उलटवून भागत नाही, ते इतिहासात शिल्लक राहते. प्रचालकाला सांगून ती आवृत्तीच झाकून घ्यावी लागते. ही विनंती चावडीवर जाहीर लिहू नका, नाहीतर ज्याला माहीत नव्हते तोही बघायला जातो.

आमच्या संस्थेचे पान आम्हीच लिहिले तर काय बिघडले?

आपल्याच मुलाच्या परीक्षेचे पेपर आपण तपासत नाही, तसेच हे. पगार किंवा मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करणे विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार जून २०१४ पासून बंधनकारक आहे. सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा सारांशात, कुठेही चालते. त्यापुढे थेट लेख न बदलता चर्चापानावर संदर्भासह सुचवावे.

‘पैसे द्या, तुमचे पान करून देतो आणि टिकवून ठेवतो’ असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. इंग्रजी विकिपीडियाने २०१५ मध्ये अशा एका टोळीची ३८१ खाती बंद केली. तिची पद्धत अशी होती: ज्यांचे लेख नाकारले गेले त्यांना गाठायचे, पान करून देण्याचे पैसे घ्यायचे, आणि मग ते टिकवण्यासाठी दरमहा मागायचे. पान टिकवण्याचा अधिकार कोणालाच विकता येत नाही. नुसते दुवे पेरूनही फायदा होत नाही. बाहेरच्या दुव्यांवर अशी खूण असते की शोधयंत्रे त्यांना क्रमवारीत धरत नाहीत.

एकाच माणसाने अनेक खाती काढली तर कळते का?

बऱ्याचदा कळते. तपासनीसांना, म्हणजे हा खास अधिकार असलेल्या मोजक्या सदस्यांना, खात्यांमागचे अंकपत्ते (आयपी पत्ते) आणि ब्राउझरचा तपशील पाहता येतो, पण ही माहिती ९० दिवसांचीच ठेवली जाते. ज्या विकीवर स्थानिक तपासनीस नाहीत, तिथे मेटाविकी या सर्व प्रकल्पांच्या सामाईक विकीवर स्ट्यूअर्डकडे (सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांकडे) विनंती करावी लागते, कोणते बदल कशावरून संशयास्पद ते दाखवून. एकच अंकपत्ता म्हणजे एकच माणूस, असे मात्र नसते. वसतिगृहाचे वायफाय आणि मोबाइल कंपन्यांचे सामायिक पत्ते यांमुळे शेकडो माणसे एका पत्त्यावर दिसतात. लेखनाची लकब, वेळ आणि विषय जुळल्याशिवाय ठपका ठेवू नये.

ओपनस्ट्रीटमॅपवर तर तळटीपाच नसतात. तिथे काय पुरावा?

तिथला पुरावा जमीन. रस्त्यावर उभे राहून जे दिसते ते खरे, असा दंडक आहे. प्रत्येक बदलसंचासोबत (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यासोबत) तो कशावरून केला ते लिहायचे असते: प्रत्यक्ष पाहणी, जीपीएस किंवा परवानगी असलेले उपग्रहचित्र. गूगल मॅप्सवरून नक्कल करायची नाही, एक नावसुद्धा नाही. परवान्याचा भंग झाला तर ते सगळे काम काढून टाकावे लागते.

इथे घोटाळा होतो तो बहुधा चांगल्या हेतूने. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला. उपग्रहचित्र जुने असेल तर त्यात पूल दिसतच राहतो, आणि दूर बसलेला कोणी उत्साहाने तो पुन्हा काढून ठेवतो. म्हणून पाडलेली वास्तू नुसती पुसून थांबू नका. तिथल्या रस्त्याला ‘जुना पूल पाडला, चित्र जुने आहे’ अशी टीप तारखेसह जोडा. पेठांमधले एकेरी रस्ते हा दुसरा दुखरा भाग. उत्सवातली तात्पुरती वाहतूक व्यवस्था नकाशात कायमची घालू नका. नावांबाबत पाटीवर जे आहे ते मुख्य नाव, आणि मराठी नाव त्याच्या स्वतंत्र रकान्यात. हेतू वाईट असलेलेही असतात: पोकेमॉन गो या खेळात हा नकाशा वापरला जातो हे कळल्यावर काही खेळाडूंनी घराशेजारी नसलेल्या बागा काढल्या होत्या.

विकिस्रोतावर जुनी पुस्तके टंकली जातात. त्यात चुका राहत नाहीत?

राहतात, पण किती तपासले ते रंगावरून कळते. न तपासलेले पान लाल, एकाने मुद्रितशोधन केलेले पिवळे, आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासले की हिरवे. पिवळे करणाऱ्याला तेच पान हिरवे करता येत नाही. शेजारी मूळ पानाचे चित्र असतेच. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ध-घ, भ-म, ष-प आणि रफार यांचे घोटाळे ठरलेले, तिथे डोळे आधी न्या.

मराठीसारख्या लहान विकीला वेगळा धोका कोणता?

डोळे कमी असण्याचा. २०२० मध्ये लक्षात आले की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकी किशोराने लिहिले आहेत आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. हेतू वाईट नव्हता. पण वर्षानुवर्षे कोणी वाचलेच नाही. मराठीत यंत्रानुवादाचे ढीग असेच साचू शकतात. लेखांची संख्या वाढवण्याच्या स्पर्धा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शंभर नव्या लेखांपेक्षा दहा जुने लेख संदर्भासह नीट केलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक तांत्रिक बाबही आहे. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येते: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. त्यामुळे एकाच विषयाची दोन पाने तयार होतात, एकात दुरुस्ती होते आणि दुसरे चुकीचेच राहते. नवे पान करण्याआधी दोन्ही रूपांनी शोधा, आणि जोडी सापडली तर एकाचे पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते उघडणारा आपोआप दुसऱ्यावर जाईल.

खाते न काढता संपादन करता येते का?

येते. पूर्वी अंकपत्ता सर्वांना दिसायचा, आता विकिमीडियाच्या प्रकल्पांवर त्याऐवजी तात्पुरते खाते तयार होते. टोपणनावाचे नियमित खाते काढणे जास्त खासगी आणि जास्त सोयीचे.

रोज दहाच मिनिटे देता येतील. काय करू?

ज्यातले तुम्हाला खरोखर कळते असे वीस लेख निवडा: तुमची पेठ, तुमची शाळा असलेला परिसर, तुमचा अभ्यासविषय. ते पहाऱ्याच्या सूचीत टाका. रोज सूची उघडा, प्रत्येक नव्या बदलाचा फरक पाहा, आकड्यांवर बोट ठेवून वाचा. वेळ उरला तर ‘अलीकडील बदल’ मधले नव्या खात्यांचे पाच बदल बघा, आणि त्यांतला एखादा चांगला असेल तर त्या सदस्याच्या चर्चापानावर दोन ओळी लिहा.

महाविद्यालयात कार्यशाळा घ्यायची आहे. आधी काय तयारी हवी?

एका अंकपत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. तीस विद्यार्थी एका वायफायवर बसवले की सातवा अडकतो आणि सकाळ वाया जाते. म्हणून खाती आदल्या दिवशी घरून काढायला सांगा, किंवा दोन आठवडे आधी सूट मागून ठेवा. पहिला तास धूळपाटीवरच (सरावासाठीच्या पानावरच) घालवा. विद्यार्थ्यांना विषयाची यादी देऊ नका, टेबलावर पुस्तके ठेवा. आधी पुस्तक, मग त्यातले एक विधान, मग पृष्ठक्रमांकासह संदर्भ, आणि सर्वांत शेवटी लेखात भर. दुपारी प्रत्येकाने शेजाऱ्याचा संदर्भ पुस्तक उघडून पडताळायचा. संध्याकाळी सगळ्या सदस्यनावांची यादी चावडीवर टाका, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्यांचे बदल कोणीतरी पुन्हा पाहील.